आईच्या एएनए रिपोर्टविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेला आईचा एएनएचा, म्हणजे पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पाहिला. ‘एएनए पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड’ ही ओळ वाचून कोणीतरी ‘हा ल्युपस’, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असे सांगितले आणि तेव्हापासून आईची झोप उडाली आहे, असे कळले. फोनवर हे सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

ही तपासणी आमच्या प्रयोगशाळेत नेहमीची आहे. काचपट्टीवरील मानवी पेशींवर पातळ केलेले सीरम घालतात. पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडे त्यात असतील, तर चमकणारे रंगद्रव्य जोडल्यावर अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रके हिरवी उजळतात. आईच्या पट्टीवर बारीक हिरवे ठिपके दिसले असतील. १:८० म्हणजे सीरम ८० पट पातळ करूनही चमक दिसली, त्यापुढे ती मावळली. एवढी चमक १०० निरोगी माणसांतील सुमारे १३ जणांत सापडते, आणि त्यातही स्त्रियांमध्ये व उतारवयात अधिक.

मग ही तपासणी करायचीच कशाला, असे बाबा विचारतील. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असल्यामुळे, तो निगेटिव्ह आला की ती शंका बहुतेक मिटते. खरा उपयोग तेथे आहे. ल्युपसच्या २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही १:८० ही केवळ प्रवेशाची अट आहे, निदान नव्हे. त्यापुढे चेहऱ्यावरील पुरळ, तोंडातील व्रण, सांध्यांची सूज, लघवीतून जाणारी प्रथिने यांचा विचार होतो आणि अँटी-डीएसडीएनए व अँटी-एसएम ही अधिक नेमकी प्रतिपिंडे तपासली जातात. कोणतेही लक्षण नसताना सरसकट पॅकेजमध्ये एएनए घालणे मला तरी अयोग्य वाटते.

आता ‘आरए फॅक्टरही करून टाकू’ असे कृपया म्हणू नका. आमवातासाठी (सांधे सुजवणाऱ्या संधिवातासाठी) रक्तात तपासला जाणारा तो घटक क्षयरोगात, हिपॅटायटिस सीमध्ये आणि काही निरोगी वृद्धांतही पॉझिटिव्ह येतो. आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, त्याहून पुष्कळ विश्वासार्ह आहे. तरी आमवाताच्या काही रुग्णांत दोन्ही निगेटिव्ह असतात, त्यामुळे डॉक्टरांनी बोटांचे सांधे हाताने दाबून पाहण्याला पर्याय नाही. आई, तुझे गुडघे जिना चढताना दुखतात आणि सकाळचा ताठरपणा पाचेक मिनिटांत जातो. हे झिजेचे लक्षण वाटते. बोटांचे सांधे सुजले किंवा ताठरपणा तासभर टिकू लागला, तर मात्र मला लगेच कळव.

तूर्त लघवीची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन ही मूत्रपिंडांची रक्ततपासणी करून घ्या, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवा. कोणी सुचवलेली स्टेरॉइडची गोळी तोवर सुरू करू नका. एएनए पुन्हा करण्याची गरज नाही. भेटीची वेळ मी येथून ठरवते. बाबा, पुढच्या आठवड्यात कोणता दिवस सोयीचा आहे ते कळवा.

तुमची,
ताई