पोरानं पोळ्या लाटल्या तर बिघडलं काय?

मा. संपादक,

आमच्या मोहल्ल्यात बारावीतला एक पोरगा आहे, आई ड्युटीवर जाते म्हणून सकाळी तोच कणीक भिजवतो, पोळ्या लाटतो, लहान बहिणीचा डबा भरतो आणि शेजारचे लोक त्याला बायल्या म्हणून चिडवतात, ऐकून फार राग येतो. अहो, आपल्या नागपुरात लग्नात पाचशे लोकांचा वडाभात, पाटवडी रस्सा कोण करतं? आचारी पुरुषच ना! पैसे मिळाले की ते पुरुषाचं काम अन् घरात फुकट करायचं असलं की बाईचं, हा कुठला न्याय?

म्हणे निसर्गानंच तसं ठरवलंय. मग मेघालयातल्या खासी लोकांत वडिलोपार्जित घर सगळ्यात धाकट्या मुलीला मिळतं, लेकरं आईचं कुळ लावतात, त्याचं काय? (कारभारात तिथंही मामाचाच शब्द चालतो, तेही खरं.) इंडोनेशियात पश्चिम सुमात्राचे मिनांगकाबाऊ मुसलमान आहेत तरी घर-शेती आईकडून मुलीकडे जाते. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये वोडाबे जमातीचे पुरुष गेरेवोल नावाच्या सणाला तोंड रंगवून नाचतात आणि त्यांच्यातून आवडत्या पुरुषाची निवड बाया करतात. आइसलँडमध्ये तर 24 ऑक्टोबर 1975 ला सुमारे 90 टक्के बायकांनी ऑफिस आणि घर दोन्हीकडचं काम बंद ठेवलं, बापांना लेकरं घेऊन ऑफिसात जावं लागलं, देश ठप्प झाला.

माझी शाळांना विनंती आहे, आठवीपासून पोरांना स्वयंपाक शिकवा, मार्क पण द्या, मग बघू कोण चिडवतं ते.

एक वाचक, नागपूर