कीबोर्डला हात न लावणाऱ्या माणसाला

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं असतं, तर तुम्ही पहिल्याच ओळीवर पत्र मिटवून ठेवलं असतंत. आपल्या लिनक्स ग्रुपमधले लोक ओळखतीलच. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सर्वांत मागच्या टेबलाशी, हात पाठीमागे बांधून, दुसऱ्याच्या स्क्रीनकडे बघत उभा असलेला माणूस एकच आहे.

२०२१ साली मी पहिल्यांदा आले तेव्हा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दोन दिवस झाले होते आणि वायफाय नावाची वस्तू त्यातून गायब होती. त्याआधी एका जाणकाराला विचारून पाहिलं होतं. ‘मॅन्युअल वाच’ एवढंच उत्तर आलं. वाचलं होतं हो. पण ज्याला आधीच कळलेलं आहे त्याला आठवण करून देण्यासाठी लिहिलेलं ते पान, माझ्यासारखीच्या काय उपयोगाचं? इथेही तेच ऐकायला मिळेल, अशी मनाची तयारी करूनच मी बॅग उघडली होती.

तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, “काय करायला बघत होतात?” ‘काय करून ठेवलंत?’ असं नाही. एवढ्यानेच माझा निम्मा ताण उतरला.

मग तुम्ही माझा फोन केबलने लॅपटॉपला जोडायला सांगितलात, म्हणजे तेवढ्यापुरतं इंटरनेट मिळालं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायला लावलंत, मशीनचे संदेश दाखवणारी डीमेसेज ही कमांड अक्षर-अक्षर सांगितलीत आणि म्हणालात, “आता वाचा.” स्क्रीनभर पांढऱ्या ओळींचा पूर आला होता. काय वाचू म्हटल्यावर तुमचं उत्तर होतं, “जेवढं समजतं तेवढं. मोठ्याने.” मी वाचत गेले. मध्येच एक ओळ आली की अमुक नावाची फर्मवेअरची (वायफायची चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल सापडली नाही. मी थांबले. तुम्ही काहीच बोलला नाहीत. बिचारं मशीन दोन दिवस नावानिशी सांगत होतं की मला हे हवंय, आणि मी मात्र तीनदा सगळं पुसून पुन्हा टाकलं होतं!

तुम्ही स्वतः केलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं. मला चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं तुम्ही बसून राहिलात आणि कीबोर्डला हात लावला नाहीत. मदत करणारे मला नंतरही पुष्कळ भेटले. बहुतेक जण “जरा सरका” म्हणतात, खडखड टाइप करतात, “झालं” म्हणतात आणि जातात. काम होतं, पण पुढच्या महिन्यात आपण पुन्हा तिथेच.

ती फाइल मुळात नव्हतीच का, हे मी रागानेच विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की वायफायच्या चिपला चालवणारं फर्मवेअर बनवणाऱ्या कंपन्या सहसा त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, देत नाहीत, आणि जिचा कोड उघडा नाही अशी वस्तू मूळ संचात ठेवायची नाही, हे काही डिस्ट्रोंचं, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांचं, तत्त्व असतं. मला तो शुद्ध हट्ट वाटला आणि मी तसं म्हणालेही. तुम्ही वाद घातला नाहीत. डेबियन या अशाच एका डिस्ट्रोचा १९९७चा सामाजिक करार वाचायला सांगितलात. आमचं प्राधान्य वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना, असं त्यात एकाच कलमात लिहिलं आहे. दोघांचं पटलं नाही तर काय करायचं, ते मात्र त्यात नाही. पुढे २०२२मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी नेमक्या याच प्रश्नावर मतदान घेतलं, कराराचं एक कलम बदललं, आणि १० जून २०२३ला आलेल्या डेबियन १२च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असं फर्मवेअर आलं. त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही खूश दिसलात, थोडे खट्टूही. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं, हे तेव्हा कळलं नव्हतं. आता थोडं कळतं.

हात एकदाच लावलात, तेही सांगून टाकते. पेनड्राइव्हवर आयएसओ, म्हणजे सिस्टिम इन्स्टॉल करायची फाइल, लिहायला मी डीडी ही कमांड वापरत होते आणि कुठे लिहायचं त्या जागी एसडीबीऐवजी एसडीए टाइप केलं होतं. म्हणजे माझी स्वतःची हार्डडिस्क. डीडी काही विचारत नाही, सांगितलं तिथे लिहीत सुटतं. माझं बोट एंटरकडे निघालं आणि तुमचा तळवा त्या बटणावर आडवा आला. “डिस्कांची यादी दाखवणारं एलएसबीएलके चालवा आणि आकार बघा. पेनड्राइव्ह कधी पाचशे जीबीचा असतो का?” त्या दिवसापासून मी डीडी लिहिते, हात मांडीवर ठेवते, ओळ पुन्हा वाचते आणि मगच एंटर दाबते.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. नवा मुल्ला जोरात बांग देतो, तसं माझं पहिल्या वर्षात झालं होतं. भेटेल त्याला लिनक्स. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तर मी जवळजवळ हिसकावूनच टाकलं. तिचं पोट ज्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याची लिनक्ससाठी आवृत्तीच नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं, तिचं काम तोंडावर आलेलं असताना. बॅकअप होता म्हणून निभावलं, पण ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी हे तुम्हाला जरा बढाईच्या सुरात सांगत होते, लोकांना बदल नको असतो वगैरे. तुम्ही इतकंच विचारलंत, “ती दिवसभर काय काम करते, हे तिला आधी विचारलं होतं का?”

नव्हतं विचारलं. तिचा कीबोर्ड मी तिच्या हातातून काढून घेतला होता.

तुमची प्रचार करायची रीत मी त्यानंतर नीट बघायला लागले. आलेल्या माणसाला तुम्ही आधी त्याचा दिवस सांगायला लावता. मग आहे त्याच सिस्टिमवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स ही मुक्त सॉफ्टवेअरं वापरून बघा म्हणता. मग लाइव्ह यूएसबी. डिस्कला धक्का न लावता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघायचं, प्रिंटर, वायफाय, आवाज सगळं तपासायचं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा आपल्याकडे गर्दी झाली. चांगले चालते लॅपटॉप, पण चालणारा प्रोसेसर किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही म्हणून विंडोज ११ला अपात्र. दुसरा कोणी असता तर त्याने या पर्वणीत झेंडाच रोवला असता. तुम्ही मात्र एका आजोबांना, वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, तेव्हा घाई करू नका, असं समजावत होतात! मला तेव्हा तुमचा थोडा रागच आला होता. ते आजोबा पुढच्या महिन्यात आपण होऊन पेनड्राइव्ह घेऊन आले, हे वेगळं. न येतेही.

आणि ते टचपॅडचं प्रकरण. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि लॅपटॉप झोपेतून उठला की टचपॅड मेलेला. जुन्या कर्नलवर परत जाऊन मी गप्प बसणार होते. तुम्ही म्हणालात, काल चालत होतं आणि आज चालत नाही, याला रिग्रेशन म्हणतात, आणि असल्या तक्रारीकडे कर्नलवाले दुर्लक्ष करत नाहीत, फक्त ती नीट मांडली पाहिजे. दोन आवृत्त्यांमध्ये दहा-पंधरा हजार बदल असतात. त्यातला दोषी कोणता? मधला घ्यायचा, तिथपर्यंतच्या कोडपासून कर्नल बांधायचा, म्हणजे तयार करायचा, टचपॅड तपासायचा, निम्मे बाद करायचे. अशा फार तर चौदा फेऱ्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या बायसेक्ट या सोयीचा हा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलात. माझ्या त्या म्हाताऱ्या मशीनवर कर्नल बांधायला रात्र रात्र जात होती. नवव्या फेरीत मी ‘चांगला’च्या जागी ‘वाईट’ नोंदवून बसले आणि सगळा शोध भलत्याच दिशेला गेला. तुम्हाला सांगायला लाज वाटली होती. तुम्ही हसलात आणि तुमचा स्वतःचा असाच एक किस्सा सांगितलात. तो खरा होता की माझ्यासाठी रचलेला, याचा मला अजून संशय आहे.

शेवटी एक बदल हाती लागला. त्या भागाच्या मेंटेनरना, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्यांना, ईमेल लिहिली. तिचा मसुदा तुम्ही तीनदा परत पाठवलात, दर वेळी विशेषणं कमी करून. चार दिवसांत दुरुस्तीचा पॅच आला, मी तपासला, आणि तो कर्नलमध्ये गेला. त्या बदलाच्या खाली ‘रिपोर्टेड-बाय’ आणि ‘टेस्टेड-बाय’ या टॅगांपुढे माझं नाव आहे. जगभर जिथे जिथे तो कोड जातो तिथे तिथे जातं. तुमचं नावही टाकायचं का, असं मी विचारलं, तर म्हणालात, “मी काय केलं? आणि त्यासाठी टॅग तरी कुठे आहे?” मी कर्नलच्या कागदपत्रांत यादी शोधली. लिहिणाऱ्याला टॅग आहे, परीक्षण करणाऱ्याला आहे, सुचवणाऱ्यालासुद्धा आहे. शेजारी बसून राहणाऱ्याला खरंच नाही.

म्हणून हे पत्र. रागावू नका.

बाकी, तुमचा निळा पेनड्राइव्ह दोन महिने माझ्याकडेच राहिला आहे. त्यावरच्या आयएसओ जुन्या झाल्या होत्या, नव्या घालून, फाइल बिघडलेली नाही हे दाखवणारे चेकसम जुळवून ठेवल्या आहेत. या शनिवारी आणते. ते प्रिंटरवाले गृहस्थ पुन्हा येणार आहेत, चौथ्यांदा. तुम्ही म्हणाल, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या स्टॉलमनची चिडचिडसुद्धा एका प्रिंटरपासूनच सुरू झाली होती, तेव्हा धीर धरा. ठीक आहे, धरते. पण या वेळी त्यांच्या शेजारी मी बसते. तुम्ही मागे उभे राहा, आणि माझा हात त्यांच्या कीबोर्डकडे जायला लागला तर खोका.

तुमची,
मागच्या टेबलावरची