मॅग्नमचे पैसे जातात कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या शिकारीच्या हंगामावरचा लेख वाचला. कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) मागे जाणाऱ्याने .३०० विंचेस्टर मॅग्नम या जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाच्या खाली उतरू नये आणि नुसत्या रायफलीवर साडेतीन-चार हजार डॉलर घालावेत, असा त्याचा एकूण सूर आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज शिकार बंदच आहे, तेव्हा पुण्या-नागपूरच्या वाचकाला हा प्रश्न पडायचा नाही. पण डेन्व्हर, ह्यूस्टन, सिअ‍ॅटलकडची आपली मंडळीही ही पुरवणी वाचतात, आणि त्यांतल्या पहिल्यांदाच परवाना काढणाऱ्याला हा सल्ला महागात पडेल. जनावराच्या दृष्टीनेही तो बरा नाही.

कोलोरॅडोचा नियम मुळात फार काही मागत नाही. एल्क आणि मूस (त्याहून धिप्पाड हरीण) यांसाठी गोळीचा व्यास निदान .२४ इंच, वजन निदान ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम), गोळी आत गेल्यावर फुलणारी, आणि १०० यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पौंड ऊर्जा. यात .२४३ विंचेस्टर या छोट्या काडतुसाची रायफलसुद्धा बसते. ती घ्यावी असे माझे म्हणणे नाही, कारण नवशिक्याच्या चुकीला ती फारशी जागा ठेवत नाही. पण ती आणि मॅग्नम यांच्या मधे ६.५ क्रीडमूर, .२७०, .३०८, .३०-०६ अशा मधल्या काडतुसांची भक्कम फळी उभी आहे, आणि लेखात तिचा साधा उल्लेख नाही. स्वीडनमध्ये मूससारखे धिप्पाड जनावर आजही ६.५×५५ ने मारले जाते. ते काडतूस १८९४ चे आहे.

आता आकडे. १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने निघते, .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) मधून सुमारे २,९६०. म्हणजे वेगात दहा टक्क्यांची वाढ, ऊर्जेत वीस टक्क्यांची. त्यासाठी काडतुसात दारू लागते ५६ ग्रेनच्या जागी ७२ च्या आसपास. दोन्ही रायफली २०० यार्डांवर गोळी बरोबर नेमावर लागेल अशा लावून ठेवल्या, तर ३०० यार्डांवर दोन्ही गोळ्यांच्या उतारात (खाली येण्यात) फरक पडतो साधारण दीड इंचाचा, ४०० वर चारेक इंचांचा. एल्कच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा पट्टा जवळजवळ पंधरा इंच उंच असतो. दीड इंच तिथे कोण मोजणार? वाऱ्याचेही तेच. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात ४०० यार्डांवर मॅग्नमची गोळी फार तर दोन इंच कमी वाहते. पण वाऱ्याचा अंदाज ताशी ५ मैलांनी चुकला, तर गोळी कोणतीही असो, सहा इंच बाजूला जाते. पूर्वी निदान उताराची कटकट तरी होती. अंतर मोजणारे लेसर यंत्र आणि अंतराप्रमाणे नेम उंच करायला दुर्बिणीवर फिरवायची चकती आल्यावर मॅग्नमचा तोही फायदा उरला नाही.

या वाढीची खरी किंमत खांद्याला मोजावी लागते. आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का २० ते २२ फूट-पौंडांचा बसतो, क्रीडमूरचा तेराच्या आसपास, .३०० विन मॅगचा २८ ते ३०. लेखात शिफारस केलेली ‘हलकी, कार्बन नळीची’ मॅग्नम साडेसहा पौंडांची धरली, तर आकडा पस्तिशीपलीकडे जातो. महागडी रायफल हलकी असते, आणि हलकी म्हणूनच जास्त मारते. हे दुकानदार क्वचितच सांगतो. परिणाम ठरलेला असतो. चाप दाबायच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, गोळी खाली किंवा बाजूला जाते आणि एल्क पोटात जखमी होऊन पाइनच्या रानात नाहीसा होतो. हा दोष स्वतःचा स्वतःला दिसत नाही, कारण खरा बार उडाला की धक्क्यात सगळे झाकले जाते. तपासायची रीत सोपी आहे. रायफलीचे मॅगझिन दुसऱ्याकडून भरून घ्यावे, त्यात मधे मधे दोन-तीन नकली काडतुसे घालायला सांगावे आणि क्रम विचारू नये. नकली काडतुसावर नळीचे तोंड हलले, की दोष पकडला गेला. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला वळवणारी टोपी, लावून धक्का कमी होतो हे खरे. पण आवाज मागे, बाजूला उभ्या असलेल्याच्या कानावर येतो, आणि कानबंदाशिवाय असा एक बारही कायमचे नुकसान करू शकतो. दुर्बिणीची कड भुवईवर आपटून होणारी चंद्रकोरीसारखी जखम हीसुद्धा बहुधा मॅग्नमवाल्यांचीच ओळख. डोळा आणि भिंग यांत साडेतीन इंचांहून कमी अंतर ठेवले की तिचा धोका वाढतो.

जनावर पडते ते गोळी कुठे लागली आणि आत जाऊन तिने काय केले यावर. इथे मॅग्नमचा वेग कधी कधी उलटतो. १९४६ साली जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्यांच्या .३०० एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नमच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर फुटून गेल्या, खोल उतरल्याच नाहीत. जवळच्या अंतरावर वेग जास्त, आणि शिशाभोवतीचे तांब्याचे वेष्टन तेवढे सहन करणारे नव्हते. त्यातूनच त्यांनी मधे आडभिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. आज शिसे वेष्टनाला घट्ट जोडलेल्या ‘बाँडेड’ आणि निखळ तांब्याच्या गोळ्याही मिळतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळीने शिकार करताच येत नाही, तिथे तांबे घ्यावेच लागते. साध्या गोळीच्या पेटीवर दहा-वीस डॉलर जास्त पडतात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात डोळे मिटून मोजावेत असे पैसे हेच.

मॅग्नमची रास्त बाजू असलीच तर तीही गोळीशीच बांधलेली आहे. तांब्याची गोळी नीट फुलायला लागतेवेळी सेकंदाला सुमारे २,००० फूट वेग हवा. .३०-०६ चा वेग ४०० यार्डांच्या आसपास त्याखाली येतो, .३०० विन मॅगचा ५०० च्या आसपास. म्हणजे हातात येतात शंभरेक यार्ड. ते वापरण्याजोगा नेम असेल, डोंगरातल्या मेंढ्यांसाठी दरीच्या पलीकडे बार टाकावा लागणार असेल, तर मॅग्नम जरूर घ्यावी. आफ्रिकेतल्या रानरेड्याची गोष्ट तर पूर्ण वेगळी. अनेक देशांत .३७५ च्या खाली परवानगीच नाही, आणि असू नये.

रायफलीच्या किमतीबद्दल. पाचशे-सहाशे डॉलरची रुगर अमेरिकन किंवा आठशे ते हजारातली टिका, दोन्ही चांगल्या काडतुसाने १०० यार्डांवर इंचभराच्या आसपास गट (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) देतात. चार हजारांची रायफल तो अर्ध्या इंचावर आणील. ३०० यार्डांवर हा फरक दीड इंचाचा, आणि गुडघ्यावर बसून धापा टाकत नेम धरणाऱ्याचा हात त्याच अंतरावर बारा-पंधरा इंच डोलत असतो. जास्तीच्या पैशांत काय मिळते तेही सांगायला हवे: कमी वजन, गंज न धरणारा लेप, लोण्यासारखा सरकणारा बोल्ट, ताठ दस्ता (नळी ज्यावर बसते तो भाग). ओल्या बर्फात दहा दिवस पायपीट करणाऱ्याला यातले बरेच उपयोगी पडते. बाकीच्यांनी स्वस्त रायफलीचे दोन दोष स्वतः काढावेत. प्लास्टिकचा दस्ता लवचीक असतो. टेकू लावल्यावर तो वाकून नळीला टेकतो आणि गट सरकतो. टेकू लावलेल्या स्थितीतच नळी आणि दस्त्यामधून कागदाची पट्टी पुढून मागे ओढून पाहावी, जिथे अडेल तिथे दस्ता आतून पॉलिश पेपरने घासावा. दुसरा दोष दुर्बीण रायफलीला जोडणाऱ्या माउंटचा. ‘रायफल बिघडली’ अशा तक्रारीत बहुतेक वेळा सापडतात ते ढिले स्क्रू. टॉर्क मोजणारा पाना घ्यावा, रिंगांचे स्क्रू १५ ते २० इंच-पौंडांत, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर, आणि आलटून पालटून कसावेत.

हिशेब असा बसतो. रायफल ७००, दुर्बीण ५००, माउंट आणि पाना १५०, दोनशे काडतुसे सुमारे ४००. एकूण पावणेदोन हजार. तेवढीच काडतुसे मॅग्नमची घेतली तर पाचशे-सहाशे. शिवाय .३०८ ची नळी पाच हजार बारांपर्यंत टिकते, तिथे .३०० विन मॅगची दीड-दोन हजारांत घशाशी, म्हणजे गोळी नळीत शिरते तिथे, झिजू लागते. काडतुसे घरी भरून पैसे वाचवू म्हणणाऱ्यांसाठी एक इशारा. या मॅग्नम काडतुसाच्या बुडाशी पट्टा असतो. १९१२ च्या .३७५ एच अँड एचला, तिच्या कवचाचे खांदे (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) उतरते असल्यामुळे, तो गरजेचा होता. इथे तो वारशाने आला. डाय (साचा) पुरता खाली बसवून केस, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, दाबली की तिचा खांदा वाजवीपेक्षा मागे जातो, दर बाराला केस पट्ट्याच्या वर ताणली जाते, आणि चौथ्या-पाचव्या भरणीत तिथे चमकदार कडे दिसते. ते दिसले की केस फेकावी, नाहीतर ती चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) तुटते. खांदा फक्त ०.००२ इंच मागे जाईल एवढाच डाय खाली आणावा.

आणखी एक गोष्ट लेखातून राहून गेली, आणि आपल्या वाचकांसाठी ती काडतुसाच्या निवडीहून मोठी आहे. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकी संघराज्याच्या कायद्याने बंदूक वा काडतूस जवळ बाळगायला एरवी मनाई आहे. ठळक अपवाद एकच, कोणत्याही राज्याचा वैध शिकार-परवाना हाती असणे. त्याची मुदत संपली की सूटही संपते, आणि कपाटातली रायफल गुन्हा ठरते. ग्रीन कार्डधारकाला ही अट नाही. शिवाय १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय एरवी परवाना मिळत नाही. पुढच्या पुरवणीत एवढा खुलासा तरी छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोर्ट कॉलिन्स (कोलोरॅडो)