गादीखालच्या दोन स्ट्रिप

सांगली

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर चादर बदलायला घेतली तर गादीखाली तुझ्या लोह बाहेर काढायच्या गोळ्यांच्या दोन स्ट्रिप सापडल्या. न फोडलेल्या. आणि काल रिपोर्ट आला, फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचं माप, ३४००. मे महिन्यात १९०० होतं.

रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय. बाबांना अजून काही बोललेले नाही.

गोळी घेतेस ना गं?

पहिलीत होतीस तेव्हाचा डेस्फेराल औषधाचा पंप आठवतो? रोज रात्री पोटात सुई, दहा-दहा तास. पंपाला मी जुन्या इरकलीची पिशवी शिवली होती, तिला तू पिल्लू म्हणायचीस. बाबांचे हात थरथरायचे म्हणून सुई टोचायला मी शिकले. सकाळी लघवी लालसर झाली की लोह बाहेर पडलं म्हणून आम्ही खूश! कुणाला सांगितलं तर हसतील.

आता गोळी नुसती पाण्यात विरघळवून प्यायची. उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा तास. तळाशी गाळ राहतो, त्यात परत पाणी घालून तोही पी. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, थॅलेसेमियात अंगात रक्त नीट बनत नाही, म्हणून तुला दर तीन आठवड्यांनी दोन लागतात. शरीर आपणहून दिवसाला टाकतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. उरलेलं यकृतात, हृदयात जाऊन बसतं, आणि बसताना दुखत नाही गं, तोच तर घोळ आहे.

बघ, लागले शिकवायला. चुकलं. बाराव्या वर्षी शिकाऊ डॉक्टरांना हे सगळं तूच समजावलं होतंस. वॉर्डातल्या प्रत्येक आईला मी सांगत सुटले होते, ती माझी मुलगी म्हणून.

रूममेटसमोर ग्लास ढवळायची लाज वाटते का? की मळमळतं? मळमळत असेल तर डॉक्टरांना सांग, ते डोस बदलतील, दुसरी औषधंही आहेत. आपल्या मनाने बंद करू नकोस एवढंच. मागच्या एमआरआयला हृदयातलं लोह दाखवणारा टी-टू-स्टार आकडा २४ होता; तो जितका कमी, तितकं लोह जास्त. जानेवारीत तो २०च्या खाली गेलेला मला बघायचा नाही.

सुमीच्या हातून डबा पाठवतेय. शेंगदाण्याची चटणी वर आहे, स्ट्रिप खाली, पेपरात गुंडाळून. रिकाम्या ग्लासाचा रोज फोटो पाठव. नको, फोटो नको. फोन कर.

घेतेस ना?

आई