अनघाला पत्र : ग्रुपवरच्या त्या प्रश्नाबद्दल

पुणे, रविवार

प्रिय अनघा,

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. फोनवर तू घाईत होतीस म्हणून विषय काढला नाही, पण मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

आपल्या लिनक्सच्या, म्हणजे त्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या, ग्रुपवर गुरुवारी त्या डिप्लोमाच्या मुलीने प्रश्न टाकला होता बघ. मोबाइलवरून काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली), आणि खाली मराठीत एवढंच : ‘हे का येतंय?’ तू लिहिलंस, ‘फोटो टाकू नका. आधी मॅन्युअल वाचा, मग विचारा.’ त्यावर भराभर अंगठे आले. रात्री मुलीने प्रश्नच डिलीट केला.

मी तिला वेगळा मेसेज केला. त्यांच्या लॅबमधल्या मशीनवर इंटरनेट बंद असतं, त्यामुळे तिथलं काही कॉपी करून ग्रुपवर आणताच येत नाही. हाताशी काय तो फोन. स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, तिने बरोबर लिहिली होती, फक्त फाइल चालवायची परवानगी दिली नव्हती. ती परवानगी देणारी ‘सीएचमॉड प्लस एक्स’ ही कमांड सांगितली आणि काम झालं. मग तिने विचारलं, परवानगी फाइलच्या मालकाला वेगळी आणि ग्रुपला, म्हणजे मशीन वापरणाऱ्यांच्या गटाला, वेगळी कशासाठी असते? ज्याला नुसतं आयतं उत्तर हवं असतं, तो हे विचारत नाही गं.

तुझी बाजू मला कळते. फोटोतला मजकूर कॉपी होत नाही, उद्या कुणी शोधला तर सापडत नाही. त्यात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि दिवसभर ऑफिस करून रात्री फुकट उत्तरं देणाऱ्याने किती सोसायचं? कडक नियम अशा थकव्यातूनच येतात. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट २००८ साली सुरू झाली तेव्हाची कल्पना चांगलीच होती : प्रश्न एकदाच विचारला जावा, उत्तम उत्तर वर यावं, पाल्हाळ नको. त्याच्या जोरावर आपण दोघींनीही किती अडलेली कामं पुढे रेटली आहेत. पण तिथे नवख्याच्या जागी बसून बघ. प्रश्नाच्या सुरुवातीचं ‘नमस्कार’ आणि शेवटचं ‘धन्यवाद’ कुणीतरी एडिट करून काढून टाकतं. दुसऱ्याच्या उत्तराखाली शंका विचारायची तर कमेंट करायला वर्षानुवर्षं पन्नास गुण लागत आले, आणि ते मिळतात आपलं लिहिणं इतरांनी उचलून धरलं की. गुण नसलेला माणूस शंका उत्तराच्या चौकटीत लिहितो, आणि ‘हे उत्तर नाही’ म्हणून ती उडवली जाते. यात कुणी एकही वाकडा शब्द बोललेलं नाही, तरी माणसाला कळायचं ते कळतं. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द त्या कंपनीनेच जाहीर कबूल केलं की नव्या लोकांना, स्त्रियांना आणि इतरही अनेकांना ही जागा तुसडी वाटते, वरच्या वर्गाची वाटते.

तू नेहमी म्हणतेस की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बोलणी खाऊनच एवढं भक्कम झालं. मग त्याच वर्षीचा सप्टेंबर आठव. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने कर्नल लिहिणाऱ्यांच्या मेलिंग लिस्टवर माफी मागितली. ईमेलमधून लोकांवर केलेले आपले हल्ले व्यावसायिकाला शोभणारे नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती, असं त्याने स्वतः लिहिलं. तो काही काळ बाजूला झाला, कर्नलच्या ४.१९ आवृत्तीचं काम त्याचा सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमनने पुरं केलं आणि ऑक्टोबरमध्ये ती आवृत्ती आली. पॅच, म्हणजे लोकांनी कोडमध्ये सुचवलेले बदल, आजही कसून तपासले जातात. पॅच वाईट आहे हे सांगायला माणसाचा पाणउतारा करावा लागत नाही.

न्यूयॉर्कच्या रिकर्स सेंटरमध्ये प्रोग्रामर एकत्र बसून शिकतात. तिथला एक नियम मला फार पटतो : ‘काय? तुला हे माहीत नाही?’ असं आश्चर्य दाखवायचं नाही. त्या आश्चर्यातून कुणी काही शिकत नाही, विचारणारा फक्त लाजतो. आपल्या ग्रुपवर त्यात भाषेची भर पडते. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला विचारणाऱ्याला झेपणार नाही असं इंग्रजी उत्तर आलं, की पुढचा प्रश्न येतच नाही. किती जण असे गप्प बसले ते आपल्याला कधी कळणारही नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

आता ही मुलं चॅटजीपीटीला विचारतात. ते खेकसत नाही, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. पण तिथे चुकीचं उत्तर मिळालं तर ‘अरे, असं नाही’ म्हणणारं शेजारी कुणी नसतं, आणि बरोबर उत्तर मिळालं तरी ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. शिवाय आपण दमल्यावर हा ग्रुप चालवायचा कुणी?

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम दिलेलं नाही. हॉस्टेलवर तू मला वहीत चौकटी काढून परवानग्या शिकवल्या होत्यास, त्याहून सोपं मला कुणी सांगितलेलं नाही. तिला विचारून तो प्रश्न मी उद्या ग्रुपवर टाकते. तू उत्तर लिही, मराठीतच, चौकटींसकट. पिन केलेला मेसेजही बदलूया : ‘कॉपी करता येत नसेल तर फोटो चालेल, पण सरळ आणि पूर्ण स्क्रीन दिसेल असा काढा.’ नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं मी एका जागी लिहून ठेवते, म्हणजे तुला तेच तेच टाइप करावं लागणार नाही. आणि ज्या दिवशी वैताग आला असेल त्या दिवशी उत्तर देऊच नकोस. मला टॅग कर, मी बघेन.

काकू चालायला लागल्या की कळव, एखाद्या शनिवारी नाशिकला येईन.

तुझी,
मेधा