पोटावरच्या पिशवीची रचना मांडी घालून बसणाऱ्यांचीही हवी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आतड्याचा कर्करोग, आतड्याला पडलेले छिद्र, अपघात अशा कारणांनी काही रुग्णांच्या पोटावर शस्त्रक्रियेने शौचाची वाट काढावी लागते. तिला स्टोमा म्हणतात. त्याच्याभोवती चिकट चकती बसते आणि चकतीला पिशवी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतले असे रुग्ण ही गोष्ट लपवतात, लग्नकार्य टाळतात. पिशवी गळली की घरचे म्हणतात, नीट लावली नसेल. पुष्कळदा दोष लावणाऱ्या हाताचा नसतो. चकती सपाट असते, पोट सपाट नसते.

निपाणीत विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसते. भांगलण उकिडवे बसून होते. जेवण, पूजा, भाजी निवडणे जमिनीवरच. उभे असताना गुळगुळीत दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर स्टोमाच्या दोन्ही अंगांना आडवी घडी पडते. त्या घडीत चकती दुमडते, कडेला केसाएवढी वाट होते आणि पातळ मल तिथून चकतीखाली शिरतो. वरून परकराची नाडी नेमकी स्टोमावरून गेली, तर मल पिशवीत उतरायचा सोडून जागीच अडतो आणि चकतीखाली ढकलला जातो. लहान आतड्याच्या स्टोमातून येणाऱ्या मलात पाचकरस असतात. ते कातडीही सोलवटतात. सोलवटलेली कातडी पाझरते, ओल्या जागी पुढची चकती धरत नाही, म्हणून ती पहिलीपेक्षा लवकर सुटते.

काढलेली चकती फेकण्याआधी उलटी करून पाहावी. चिकट थर जिथे पांढरा, फुगलेला, झिजलेला दिसेल, गळती त्याच दिशेने झालेली असते. मग कातडी पाहावी. स्टोमाला लागूनच लाल कडे असेल तर चकतीचे भोक मोठे कापले गेले. एकाच बाजूला लाल पट्टा असेल तर तिथे घडी आहे. पूर्ण चकतीच्या आकाराची लाली असेल तर चिकट थर सोसत नसावा. खाज, आणि मुख्य लालीभोवती विखुरलेले बारीक ठिपके असतील तर बुरशीची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. हे वाचता आले की प्रत्येक गळतीवर चकतीचा ब्रँड बदलत बसावे लागत नाही.

भोक स्टोमापेक्षा दीड ते तीन मिमी मोठे असावे. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो. म्हणून त्या काळात दर आठवड्याला माप घ्यावे. पहिल्या दिवशी रुग्णालयातून मिळालेल्या मापाने दोन महिने भोक कापत राहणे ही आम्हाला सर्रास दिसणारी चूक आहे.

सफाईला कोमट साधे पाणी आणि मऊ सुती फडके पुरते. खोबरेल, हळद, स्पिरिट, डेटॉल, टाल्कम पावडर, तेलकट साबण, ओले वाइप्स यांतले काहीही नको. कुणी मायेने खोबरेल लावले तरी चकती धरत नाही. पुसताना स्टोमातून थेंबभर रक्त आले तर घाबरू नये, मात्र तो काळा किंवा जांभळा पडला तर तडक रुग्णालय गाठावे. केस वस्तऱ्याने न काढता कात्रीने कापावेत. कातडी पाझरत असेल तर स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झाडावी, वर बॅरिअर फिल्म (कातडीवर पातळ पापुद्रा धरणारे द्रव) टिपावी, वाळू द्यावी आणि असे दोन-तीन थर द्यावेत. जागा पूर्ण कोरडी झाल्यावर चकती बसवून तळहाताने एक-दोन मिनिटे दाबून धरावी. तिचा गोंद अंगाच्या उबेनेच धरतो. खानापूरच्या पावसाळ्यात या कोरडेपणाला दुप्पट वेळ द्यावा लागतो. उलट उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेल्या चकत्या मऊ पडून वाया जातात. बदलायची वेळ सकाळी, चहा-नाष्ट्याच्या आधी. तेव्हा स्टोमा शांत असतो.

आता रचनेकडे. दोन भागांच्या पिशवीत चकती पोटावर ठेवून पिशवी सोडवता येते, ही सोय मोठी. पण पिशवी पूर्ण सुटते आणि एका हातात ती धरून दुसऱ्या हाताने स्टोमा पुसावा लागतो. पिशवी चकतीला जोडणारी रिंग खालच्या बाजूने बिजागरीसारखी अडकलेली राहिली तर दोन्ही हात मोकळे होतील. रिंग लावताना दुखऱ्या पोटावर दाब पडतो. तिच्याखाली बोटे घालता येतील एवढी फट हवी आणि बसल्याचा 'टक्' आवाज स्पष्ट हवा, म्हणजे नजर अधू असलेल्यांनाही कळेल. चकतीची कड पातळ, पाकळ्यांसारखी कापलेली असावी. घडीत प्रत्येक पाकळी वेगळी वाकेल आणि एका जागी पडलेली सुरकुती भोकापर्यंत जाणार नाही. आत ओढलेल्या स्टोमाला फुगीर चकती लागते, पण स्टोमाशेजारी हर्निया असेल तर तीच चकती टोचून व्रण करू शकते. चकती पोटाशी धरून ठेवायला पट्टा बांधतात; तो अडकवायचे कान स्टोमाच्या रेषेत हवेत. पट्टा कमरेवर चढला की चकती वर ओढली जाते आणि खालची कड सुटते. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत.

पिशवीच्या खालच्या तोंडाचा विचार तर फारच कमी होतो. आपल्याकडे पिशवी रिकामी करायची ती उकिडवे बसून वापरायच्या संडासात. तोंडाला बाहेरून दुमडता येणारी रुंद झालर असावी, म्हणजे मल झालरीच्या आतून जाईल आणि बंद करताना बोटांना लागणारी कड स्वच्छ राहील. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. नळाचा जोर आत वरपर्यंत सोडू नये, त्याने चकतीचा गोंद धुऊन निघतो.

चिकट पिशवीची कल्पना १९५४ मध्ये डेन्मार्कच्या एलिस सोरेन्सन या परिचारिकेने बहिणीच्या हालांवरून मांडली. त्याच दशकात कातडी वाचवायला वापरला गेलेला कराया डिंक हा आपल्याकडच्या कांडोळाच्या झाडाचा. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावातच आहे आणि उद्यमबागेत साचे करणारे हात आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हा विषय यावा. रुग्णालयांकडून दोन मागण्या. शस्त्रक्रियेआधी स्टोमाची जागा आखताना रुग्णाला झोपवून, उभे करून, वाकवून आणि जमिनीवर मांडी घालायला लावून पाहावे, नाडी कुठे बांधते तेही विचारावे. आणि घरी जाताना द्यायचे माहितीपत्रक कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही असावे.

विद्यार्थ्यांनी नमुना आधी रुग्णावर लावू नये. धडधाकट माणसाच्या पोटावर रबराचा खोटा स्टोमा बसवून चकती चिकटवावी, पिशवीत हळद घातलेली तांदळाची पातळ पेज एक तृतीयांश भरावी, वरून पांढरा परकर बांधावा. तासभर मांडी, तासभर उकिडवे, मग एसटीचा खडखडाट. परकरावर पिवळा डाग कुठे पडला ते पाहून त्याच जागी कड बदलावी.

आपल्या,
स्टोमा रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, बेळगाव