गोव्यातल्या मांद्र्याच्या रापणकार (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) काकांना अनावृत पत्र

काका, साष्टांग नमस्कार.

वैशाखात तुमच्या किनाऱ्यावर झालेल्या ज्या लग्नाचे फोटो मी काढले, त्याचा अल्बम छापून आलाय. जो बघतो तो विचारतो, वळवाच्या दिवसांत समुद्रावर असे फोटो मिळाले कसे? उत्तर द्यायचं तर प्रत्येक वेळी तुमच्याबद्दलच सांगावं लागतं. म्हणून हे आभार चारचौघांसमोर मानतेय.

हवामान खात्याचा अंदाज होता, तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. आता तुरळक म्हणजे मोरजी, मांद्रे की हरमल, हे अंदाजात कुठून कळणार? पणजीच्या रडारचं चित्र मी मोबाइलवर सारखं बघत होते. तेवढ्यात तुम्ही जाळं वाळूवर पसरायचं सोडून आमच्याकडे आलात. "दर्याकडे काय बघताय, घाटाकडे बघा. वळीव तिथून उतरतो. हा वारा पडला की अर्ध्या तासात आलाच समजा." मग विचारलंत, "आज नवमी ना?" आणि बोटांवर हिशोब केलात. तिथीच्या आकड्याची, नऊची, पाऊणपट, म्हणजे पावणेसातला पूर्ण भरती. मुहूर्त होता गोरज, 6 वाजून 40 मिनिटांचा! नवमीची भरती भांगाची, म्हणजे लहान, उधाणासारखी चढत नाही हे खरं. पण पावसामागून येणाऱ्या लाटांचा भरवसा नसतो, असं म्हणून तुम्ही मांडव माडांच्या बाजूला वीसेक पावलं वर घ्यायला लावलात.

आणि तो मांडव बांधलात कसा! कोरड्या वाळूत खुंटी धरत नाही. तुम्ही गुडघाभर खड्डा खणलात, ओल्या वाळूने भरलेलं पोतं त्यात आडवं टाकलंत, पोत्याच्या मध्यावर रापणीचा दोर आवळलात आणि वरून वाळू लोटून पायाने दाबलीत. चारही बाजूंना तसंच. माझ्या लाइटच्या स्टँडलाही तशीच पोती दिलीत. नंतर जमिनीकडून वाऱ्याचा पहिला झोत आला तेव्हा खुर्च्या उडाल्या, पण मांडव जागचा हलला नाही.

वारा खरंच पडला. तेवढ्या वेळात नवरानवरीला मी समुद्राकडे तोंड करून उभं केलं. पाठीमागे पूर्वेला माडांवर काळंकुट्ट आभाळ आणि पश्चिमेचं ऊन थेट दोघांच्या चेहऱ्यावर. अल्बमच्या मुखपृष्ठावर तोच फोटो आहे. दिवसभर आकाश निरभ्र असतं तर तो मिळाला नसता. अशा हवेला घाबरून समुद्रावरची लग्नं हॉलमध्ये हलवणाऱ्यांना मी आता हा फोटो दाखवते.

पण सगळ्यात मोठे आभार त्याच्या पुढच्या गोष्टीचे. पहिला गडगडाट ऐकू येताच तुम्ही ओरडलात, माडाखाली आणि मांडवाच्या लोखंडी खांबांजवळ कोणी थांबायचं नाही. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद गेले तर वीज साधारण एक किलोमीटरवर असते. आम्ही मोजत होतो आणि आकडा घटत होता. आजी, मुलं, भटजी, वाजंत्री, सगळ्यांना तुम्ही आपल्या घरात घेतलंत. ओळख ना पाळख, आणि वहिनींनी इतक्या माणसांना गूळ घालून चहा दिला. फोटो पुन्हा काढता येतात. त्या आजींना काही झालं असतं तर काय केलं असतं, हा विचार अजून मनातून जात नाही.

तुमच्या वसरीत, म्हणजे ओसरीत, छपराला एक काचेचं कौल आहे. बाहेर पाऊस कोसळत असताना त्याच्याखाली नवरी मुंडावळ्या सरळ करत बसली होती. वरून येणारा तेवढाच मऊ उजेड होता. फ्लॅश लावावासा वाटला नाही, कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवला आणि फोटो घेतला. नवरीच्या आईने तो मोठा करून मागवलाय.

पाऊस थांबला, मुहूर्त साधला. मंगलाष्टकं चालू असताना पाणी मांडवाच्या जुन्या जागेवरून फिरून गेलं. ते तुम्हाला दाखवायला मी वळले, तर तुम्ही जाळी आवरायला निघून गेला होतात.

अल्बमची एक प्रत तुमच्यासाठी वेगळी काढली आहे. त्यात पोत्याला दोर आवळतानाचा तुमचा एक फोटोही आहे, तो वहिनींना द्या. पुढच्या महिन्यात पुण्याहून येतेय, तेव्हा स्वतः घेऊन येईन.

तुमची,
लग्नातली फोटोवाली मुलगी